अठरा किलोंचा फरक

आमच्या भिंतीच्या हॉलमध्ये जोडीदार हवा असेल तर आधी वजन लिहून द्यावं लागतं. चहाच्या काउंटरशेजारी एक बोर्ड आहे. त्यावर कार्डं टोचलेली असतात, वार, वेळ, फोन नंबर आणि वजन. नाव नसलं तरी चालतं, वजनाशिवाय कार्ड लागत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईने आपलं वजन चारचौघांत टाचणी मारून लावावं, अशी जगाच्या पाठीवर ही एकच जागा असेल, आणि मी ते केलं. गुरुवार, संध्याकाळी साडेसहा, बासष्ट किलो.

त्यामागे कारण आहे. उंच भिंतीवर एकट्याने चढता येत नाही. एकजण चढतो आणि दुसरा खाली उभा राहून त्याचा दोर धरतो. वरच्याचा हात सुटला तर तो खालच्याच्या वजनावर लटकतो. खालचं माणूस फारच हलकं असेल तर ते हवेत उचललं जातं आणि वरचं खाली येतं. म्हणून नियम असा की दोघांच्या वजनात अठरा किलोंहून जास्त फरक नको. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी काउंटरजवळच्या काट्यावर उभं राहायचं, वहीत आकडा लिहायचा. हा नियम शिट्टीबाईंचा. शिट्टीबाई म्हणजे तिथल्या प्रशिक्षक. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, गळ्यात कायम शिट्टी, आणि हसायचं काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवलेलं. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. मीही फारशी गोड बाई नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो आणि त्यावर खोटे दात बसवतो. माझ्याकडे पुढचे दात असतात, हसताना दिसणारे. लॅबमध्ये आम्ही चौघं आहोत. चौघांच्याही तोंडावर मास्क, कानांत मशीनची घरघर, माना खाली. दिवसभरात बोलणं होतं ते असं, "ए-टू शेडचे दात कुठे ठेवलेस?" आणि "पंखा कमी कर, पावडर उडतेय." घरी आल्यावर तेवढंही नाही.

अकरा वर्षं घरी आई होती, अंथरुणाला खिळलेली. तिचं करता करता माझं लग्नाचं वय कधी गेलं ते मला कळलं नाही असं लोक म्हणतात, पण मला चांगलं कळत होतं. आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, सुटली बिचारी, आणि मनातल्या मनात म्हणाले, हीही सुटली. मी कसली सुटते? सकाळी पाचला जाग यायची, तिची कूस बदलायची वेळ. उठून बसायचे आणि बदलायला कूसच नसायची. दादा दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, बरी आहेस ना, वहिनी विचारतेय. तीन मिनिटांत आटोपतं. त्याचं चुकतं असं नाही, तीन मिनिटांपेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडेच काही नसतं.

त्या वर्षी मी ओट्यापाशी उभ्याने जेवायला लागले. जेवायला म्हणजे काय, पाव आणि जे गोड असेल ते. मग एक दिवस लॅबमध्ये चक्कर आली आणि डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून माझी चांगलीच हजेरी घेतली. साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे, म्हणाल्या, आत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. एक कागद दिला. त्यात उकडलेली कडधान्यं, पालेभाज्या, अंडी, काकड्या, दही. पाव आठवड्यातून दोनदा. बसून जेवायचं हेही लिहिलं होतं, आणि खाली रेघ मारली होती. तो कागद मी फ्रिजवर लावला. आणि पाचला जाग येतेच आहे तर निदान रस्त्यावर तरी येऊ द्या म्हणून पळायला लागले.

पहिल्या दिवशी चौकापर्यंतही पोचले नाही. बेकरीच्या पायरीवर बसून धापा टाकत होते, तर बेकरीवाला पाणी घेऊन आला, त्याला वाटलं ही आता इथेच जातेय. चार महिन्यांनी मी नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायला लागले, सहा किलोमीटर. पळण्याबद्दल माझी तक्रार एकच आहे. त्यात कोणी लागत नाही. समोरून येणारे पळणारे हात वर करतात आणि पुढे जातात. रोज त्याच माणसांना हात करायचा आणि त्यांचा आवाज कसा आहे ते माहीत नाही.

भिंतीच्या हॉलची पाटी मला पळतानाच दिसली. पूर्वी ते शीतगृह होतं, अजूनही आत गार लागतं. मी गेले ती खांदा मोकळा व्हावा म्हणून, दिवसभर दात घासून तो आखडतो. सुरुवातीला लहान भिंत. माणसाच्या दुप्पट उंच, खाली जाड गाद्या, तिथे एकटं चढलं तरी चालतं. पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला उंच भिंत होती आणि तिथली माणसं जोडीजोडीने यायची. चढण्याआधी ती एकमेकांसमोर उभी राहायची आणि एकमेकांच्या पट्ट्याची गाठ हाताने ओढून बघायची. बोलायची नाहीत. नुसतं ओढून बघायचं आणि मान हलवायची. मला ते बघवायचं नाही आणि नजरही काढवायची नाही. माझ्या अंगाची गाठ नीट आहे का ते कोणी बघितल्याला जमाना झाला होता. म्हणून मी कार्ड लावलं. अकरा आठवडे कोणी फोन केला नाही. बाराव्या आठवड्यात लिफ्टवाल्यांनी केला.

ते लिफ्ट दुरुस्त करायचे. वय अठ्ठेचाळीस, वजन शहात्तर, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यांचा आधीचा जोडीदार गाव सोडून गेला होता. "ताई, तुमचा गुरुवार जमतोय मला," म्हणाले. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं की दिवसभर लिफ्टमध्ये असता, मग हा हाताने वर जायचा उद्योग कशाला? ते म्हणाले, लिफ्ट दुरुस्त करणारा कधी लिफ्टने जात नाही, त्याला आत काय काय झिजलंय ते माहीत असतं. मग त्यांनी माझी गाठ ओढून बघितली, म्हणाले, ठीक आहे, आणि मी चढले.

वर जाऊन मी खाली बघितलं तर ते मान वर करून माझ्याकडे बघत होते. बघणं भागच होतं, कामच ते. पण कोणीतरी सात मिनिटं फक्त माझ्याकडे बघत होतं, हे काही माझ्या मनातून जाईना.

त्यानंतर माझा आठवडा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत झाला. सोमवारी लॅबमध्ये काही घडलं, समजा एखाद्या डॉक्टरने दात जास्तच पांढरे मागितले, की मी ते गुरुवारसाठी बाजूला ठेवायचे. बुधवारपर्यंत असे दोन-तीन किस्से जमायचे. प्रत्यक्षात बोलायचे जास्त तेच. दोन चढायांच्या मध्ये आम्ही बाकावर बसायचो. ते डब्यातली उकडलेली अंडी खायचे, मी काकडी. धाकटी मुलगी गणितात गटांगळ्या खातेय, थोरली घरात कोणाशी धड बोलत नाही, सासूबाई टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात, बायको म्हणते या वयात भिंतीवर कसले चढता, पालीसारखे. मी हसायचे. माझ्या मनात मात्र एक गोष्ट स्पष्ट होती. त्यांच्या आठवड्यात सात वार होते, त्यातला एक मी. माझ्या आठवड्यात एकच वार होता. मी याचं त्यांना कधी काही दाखवलं नाही, कानाला खडा लावला होता.

आता घोळ असा झाला की मी बारीक व्हायला लागले.

व्हायचंच होतं. रोजचं पळणं, डॉक्टरीणबाईंचा कागद, त्यात भिंत. बासष्टची साठ झाले, साठाची एकोणसाठ. लॅबमध्ये सगळे म्हणायला लागले, काय, एकदम तरुण. डॉक्टरीणबाई तर इतक्या खूश झाल्या की साखरेचा रिपोर्ट त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना नेऊन दाखवला. मी तिथे खुर्चीवर बसून वजाबाकी करत होते. शहात्तरातून अठरा गेले, उरले अठ्ठावन्न. त्याखाली गेले की गुरुवार गेला.

लिफ्टवाल्यांचं वजन काही केल्या हलेना. मी त्यांना सुचवून पाहिलं की अंड्यातला पिवळा भाग सोडत जा. ते म्हणाले, ताई, तोच तर खाण्यासारखा असतो.

मग मीच खायला लागले. बेकरीवाल्याला आनंद झाला. पंधरा दिवस मी रात्रीच्या जेवणाला लोणी लावलेला पाव खाल्ला, बसून, कागदात लिहिल्याप्रमाणे. वजन अर्धा किलो वाढलं आणि साखरेने अशी उडी मारली की डॉक्टरीणबाईंचा चेहराच पडला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, इतकं चांगलं चाललं होतं, काय झालं तुम्हाला? मला ते रागावण्यापेक्षा लागलं. पळणं बंद करून बघावं तर पहाटे पाचचं ते घर मला झेपत नव्हतं. पाव सोडला, पळणं ठेवलं, आणि पुढच्या महिन्यात मी छप्पनवर आले.

त्या पहिल्या गुरुवारी मी घरून निघताना दीड लीटर पाणी प्यायले. जाड स्वेटर घातला. काट्यावर सत्तावन्न पूर्णांक आठ भरले आणि शिट्टीबाईंनी वहीत अठ्ठावन्न लिहिलं. जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मला तीनदा चढाई अर्धवट टाकून बाथरूमला पळावं लागलं, लिफ्टवाले म्हणाले, ताई, तब्येत बरी आहे ना?

पुढच्या महिन्यात नुसत्या पाण्याने भागलं नसतं. आमच्या लॅबमध्ये जुने जबडे वर्षभर ठेवतात, मग फेकून देतात. मला फेकायला दिलेल्यांतले दहा जोड मी रुमालांत गुंडाळले आणि कंबरेला बांधायच्या पाऊचमध्ये भरले. वरून सैल जॅकेट. दोन किलो चारशे ग्रॅम. मी स्वतःची समजूत घातली की वजन ते वजन, प्लास्टरचं काय आणि चरबीचं काय. पण मग मी ते फक्त काट्याच्याच दिवशी का बांधायचे, बाकीच्या गुरुवारी का नाही, याचं उत्तर माझ्याकडे होतं. दर आठवड्याला बांधलं असतं तर कधी ना कधी पाऊच दिसलं असतं. त्यांनी विचारलं असतं. असे तीन महिने गेले आणि वहीत माझं वजन अठ्ठावन्नवर खिळून राहिलं. खरं वजन चोपन्न झालं होतं.

मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. ते दोरावर बसले की माझ्या टाचा उचलल्या जायच्या. पुढे पुढे चवडेही. मी भिंतीला एक पाय लावून सावरून घ्यायचे आणि वर बघून मान हलवायचे, सगळं ठीक. ते माझ्यावर भरवसा टाकून हात सोडून द्यायचे. वरून ओरडायचे, "ताई, आहात ना?" मी म्हणायचे, आहे.

तोपर्यंत आमचा दोर आधीच वर छताला अडकवलेला असायचा, त्यामुळे हात सुटला तरी माणूस फारसं पडत नसे. चौथ्या महिन्यात लिफ्टवाल्यांना पुढची पायरी हवी होती. त्यात दोर चढणाराच खालून घेऊन जातो आणि भिंतीवरच्या हुकांमध्ये अडकवत वर सरकतो. पडला तर शेवटच्या हुकाच्याही खाली येतो, आणि तो झटका सगळा खालच्याला बसतो. शिट्टीबाईंनी वही उघडली, शहात्तर, अठ्ठावन्न, बरोब्बर अठरा. त्या थोडा वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, काठावर आहे, पण नियमात आहे.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण लिफ्टवाले पट्टा आवळता आवळता म्हणाले, "आपलं दोघांचं हे पहिल्यांदाच, नाही का ताई?" आणि मी दोर हातात घेतला. आपलं दोघांचं, असं माझ्याशी कोणी बोललं की माझी अक्कल गहाण पडते.

तो काट्याचा गुरुवार होता, पाऊच कंबरेला होतंच. ते तिसऱ्या हुकाच्या वर गेले, चौथ्यात दोर अडकवायला हात लांब केला आणि पाय घसरला.

मी दोर सोडला नाही. एवढं एक मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. पण मी जमिनीवर राहिलेच नाही. कोणीतरी कंबरेला धरून फेकावं तशी मी वर गेले, भिंतीवर आपटले, पहिल्या हुकाला जाऊन अडकले. माझ्या शेजारून ते खाली गेले. अर्ध्या वाटेत आमचे चेहरे समोरासमोर आले होते. मग त्यांच्या पायाचा जमिनीवर आवाज आला.

भिंतीच्या खरखरीत पृष्ठभागावर पाऊच फाटलं होतं. रुमाल सुटले आणि जबडे खाली पडले, एकामागून एक. काही फुटले, काही गडगडत गादीपर्यंत गेले. सगळा हॉल थांबला होता. मी दोरावर लटकत होते आणि खाली दहा अनोळखी लोकांचे दात पसरले होते. कोणी हसलं नाही. लिफ्टवाले टाच दोन्ही हातांनी धरून बसले होते, त्यांचा रंग उतरला होता, आणि ते त्या जबड्यांकडे बघत होते.

शिट्टीबाईंनी मला खाली उतरवलं. एक जबडा उचलून हातात तोलून बघितला. त्यांना सांगावं लागलं नाही. त्या उठल्या, काउंटरमागच्या दारापासून एक खाकी पोतं ओढत घेऊन आल्या आणि माझ्या पायाशी टाकलं. त्याला वर एक कडी होती.

"वाळूचं आहे," त्या म्हणाल्या. "पंधरा किलो. हलक्या माणसाच्या पट्ट्याला बांधतात. मागेल त्याला देते मी. मागायचं असतं."

ते पोतं मी पहिल्या दिवसापासून बघत होते. मला वाटायचं ते दार अडवायला ठेवलंय.

लिफ्टवाल्यांच्या टाचेचं हाड चिरलं होतं. प्लास्टर, दीड महिना घरी, मग काठी. मला शिट्टीबाईंनी दोन महिने दोराला हात लावायला बंदी केली, जी मला कमीच वाटली. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. हातात संत्री होती, दुसरं काय न्यावं ते सुचलं नाही.

दार बायकोने उघडलं. लहानखुरी बाई, माझ्याहूनही हलकी. मागे टीव्ही मोठ्याने चालू होता, धाकटी जमिनीवर वह्या पसरून बसली होती, कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. प्रत्यक्षात ते घर त्यांच्या सांगण्यापेक्षाही भरलेलं निघालं. मला खुर्ची द्यायला दोन खुर्च्यांवरचे कपडे उचलावे लागले. बायकोने मला पाणी दिलं आणि ती दारात उभी राहिली, बसली नाही.

मी माफी मागितली. तयारी करून गेले होते, पण दोन वाक्यांत संपली. लिफ्टवाले पाय उशीवर ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "राग नाही आला म्हणत नाही. पण मला एवढंच सांगा, सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं कोणीतरी शोधलं असतंत."

मला वाटलं होतं ते म्हणतील, छे हो ताई, असं कसं. मी त्यासाठीच गेले असेन कदाचित. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते.

"हो," ते म्हणाले. "शोधलं असतं. बोर्डावर माझ्या वजनाचे चार जण आहेत."

धाकटी वहीतून मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी तिला विचारलं, कितवीत आहेस? तिने सांगितलं. मला ते माहीत होतं.

मी उठले तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. मला वाटलं आता ही मला सुनावणार, आणि तिचा तो हक्क होता. तिने विचारलं, "ते पोतं बांधलं तर माझ्यासारखीला धरता येईल का हो यांना?"

लिफ्टवाले म्हणाले, तू? ती त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "हे काही चढायचे थांबत नाहीत. नऊ दिवस बघतेय, आढ्याकडेच नजर. मग बाहेरच्या माणसाच्या हातात जीव कशाला द्यायचा? मीच धरते. पण मला तिथलं काही कळत नाही. तुम्ही शिकवाल?"

हे ती टोचून बोलली नाही. तिने सरळ विचारलं, जसं एखाद्या दुकानात विचारावं. हा गुरुवार वाचवायला मी खोटं बोलले होते, आणि आता तोच तिला हाताने उचलून द्यायचा होता. मी हो म्हणाले. मला नाही म्हणायला तोंडच नव्हतं, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. तिने विचारलं तेव्हा एक क्षण मला वाटलं की निदान शिकवेपर्यंत तरी माझा गुरुवार आहे. माणूस किती खाली येतं ते दोरावरच कळतं असं नाही.

अडीच महिन्यांनी आम्ही तिघं हॉलमध्ये उभे होतो. बंदी उठल्यावर शिट्टीबाईंनी सगळ्यांसमोर मला काट्यावर उभं केलं, खिसे उलटे करायला लावले, बावन्न लिहिलं. मग बायकोला, एकोणपन्नास. पोतं एक पुरलं असतं, पण नवखी म्हणून शिट्टीबाईंनी दोन बांधायला लावली. ती आधी लाजली, मग स्वतःच त्यांच्या कड्या तपासायला लागली. मी तिला सगळं शिकवलं. एवढ्या मनापासून मी लॅबमधल्या नव्या माणसालाही कधी शिकवलं नव्हतं. उजवा हात दोरावरून कधी काढायचा नाही, शिंक आली तरी. दोर ढिला किती ठेवायचा, आवळायचा कधी. त्यांची गाठ आधी हाताने ओढून बघायची, त्यांनी तुमची. पहिल्यांदा ते दोघं समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांची गाठ ओढून बघायला लागले, तेव्हा तिला हसू फुटलं, मग त्यांनाही. मी पोत्याची कडी तपासत राहिले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी तिला बजावलं, ते वर असेपर्यंत त्यांच्यावरून नजर काढायची नाही. कोणी हाक मारली, काही पडलं, काहीही झालं तरी नाही.

नवीन माणूस दोर धरतं तेव्हा त्याच्या मागे आणखी एक जण उभा राहतो. पुढच्याच्या हातातून जो दोर मागे येतो त्याचं मोकळं टोक तो धरतो. पुढच्याचा हात चुकून सुटलाच तर हा आवळणार. ती जागा मी घेतली. बायको पुढे, मी तिच्या मागे दोन पावलांवर, आणि ते वर. सगळं नीट चाललं तर त्या टोकावर काहीच वजन येत नाही. दोर हातातून सरकतो तेवढाच.

पाच गुरुवार मी ते टोक धरलं. एकदाही आवळावं लागलं नाही. ती माझ्यापेक्षा चांगलं धरायला लागली, कारण तिला काही लपवायचं नव्हतं. मधल्या वेळात बाकावर ते दोघं बसायचे, डबा आता एकच असायचा. मला बोलवायचे. मी बसायचे, एक अंडं घ्यायचे, लॅबमधला एखादा किस्सा सांगायचे. ते हसायचे आणि मग पुन्हा थोरलीच्या परीक्षेवर यायचे. दोघांनाही माझ्याबद्दल राग नव्हता. असता तर निदान काहीतरी असतं.

सहाव्या गुरुवारी ते अर्ध्या भिंतीवर होते तेव्हा शिट्टीबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बायकोचे हात बघितले. मग हळूच मला म्हणाल्या, आता हिच्या मागे कोणी नको.

मी म्हणाले, बरं. दोराचं टोक खाली ठेवलं. वरून त्यांनी हाक मारली, "आहेस ना?" ती म्हणाली, आहे. मी माझी पिशवी घेतली आणि त्यांच्या बाजूने दाराकडे गेले. तिचा निरोप घ्यावा असं वाटलं, पण तिने वळून बघितलं नाही. मीच तसं शिकवलं होतं.